मागची तारीख

रास अल खैमाच्या मागे, डोंगराला टेकून
आमची दगड कापायची फॅक्टरी.
आता करवती गप्प आहेत.
हौदात पांढरा गाळ बसलाय, कुरडईच्या चिकासारखा,
आणि माझ्या टेबलापलीकडे सलमा नजम,
कोर्टाने नेमलेली लिक्विडेटर,
एका बोटाने तारखा उलटतेय.

अर्ज दाखल, नऊ मार्च.
फ्लॅटची विक्री, सव्वीस मार्च.
बंद करण्याचा आदेश, चौदा मे.
"मिस्टर खातू, कंपनी चौदा मेला नाही गेली," ती म्हणते,
"नऊ मार्चलाच गेली."

आमच्या देवरुखात मरणाची खबर उशिरा आली
तर सुतक खबर कळल्यापासून धरतात.
तोवर खाल्लेलं गोडधोड
कुणी बाटलं म्हणत नाही.
इथे कायदा मरणालाच बोट धरून मागे नेतो.
मधले सहासष्ट दिवस
आम्ही कामावर आलो, हजेरी लावली,
चहात साखर कमी म्हणून भांडलो,
ते सगळं मयताच्या घरात.

सव्वीस मार्चला जस्सिम साहेबांनी सही केली.
हात गरम होता. मी तो हातात घेतलाय.
किंमत बाजारभावाने, एक दिरहॅम कमी नाही:
माझी सतरा वर्षांची शिल्लक,
हेमांगीच्या पाटल्या,
आणि धाकट्या भावाचे काही,
ज्यांचं नाव तो अजून काढत नाही.
एक बेडरूम. खाडी दिसते, पण न्हाणीघरातून.
रंगाच्या रिकाम्या बादलीत तिने कढीपत्ता लावला.

"पैसे कुठे गेले?"
या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.
मी एप्रिलचं मस्टर पुढे सरकवलं.
बेचाळीस माणसांचा तीन महिन्यांचा थकलेला पगार.
तेहतीस सह्या, नऊ अंगठे.
झरीफ गुलचा अर्धा अंगठा करवतीने नेलेला,
त्यामुळे त्याचा ठसा चंद्रकोरीसारखा.
ती त्यावर बराच वेळ थांबली.
मग म्हणाली, "हे तुमच्या बाजूचं आहे.
अर्ज करा. कोर्ट विक्री कायम करेल, कदाचित.
नाही केली, तर फ्लॅट परत ढिगात
आणि तुम्ही रांगेत."

रांग मला पाठ आहे. मीच टाइप केलीय.
बँक, दुसरी बँक, डिझेलवाला,
पाण्याचा टँकर, एकशे सोळावा पात्यांचा व्यापारी.
एकशे सतराव्या ओळीत मी माझं नाव घातलं
आणि सवयीने स्पेलिंग तपासलं.

चार वाजता ती फ्लॅट पाहायला आली.
हेमांगीने मला स्वयंपाकघरात विचारलं,
चहा देऊ का, की तीही लाच होईल?
बाईने दिवे मोजले, एसीचा नंबर उतरवला,
कढीपत्त्यापाशी वाकली,
एक पान चुरडून बोटं हुंगली.
लिहिलं काही नाही.

दाराबाहेर पाटी आहे. खातू, मराठीत.
उरलेल्या तुकड्यातून झरीफने कोरून दिलेली,
अक्षर न ओळखता, मी काढलेल्या रेघांवरून.
'खा'चा काना जरा आखूड.
बिल नाही, व्हाउचर नाही,
तारीख एप्रिलमधलीच कुठलीशी.
बाईने पाटीकडे पाहिलं, दार ओढून घेतलं,
यादी माझ्या हातात देऊन म्हणाली,
"उद्या टाइप करून आणा."

रात्री मी शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
दगड एक, तीस बाय पंधरा, कंपनीचा.
किमतीच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि तसाच बसून राहिलो.
आतून हेमांगी म्हणाली, दिवा मालवा आता,
विजेचं बिल कुणाच्या नावावर येतंय
ते तरी ठरू दे.